लाल मणी कुणाच्या नावावर? नांदेड-लातूरमध्ये बसून डेमिंग वाचताना

लातूरच्या एमआयडीसीत किंवा नांदेडजवळ कृष्णूरला एखाद्या कारखान्याच्या फाटकातून आत गेलात तर वॉचमनच्या केबिनशेजारी बहुधा एक पाटी दिसेल. 'गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी'. खाली हेल्मेट घातलेला, अंगठा वर केलेला हसरा कामगार. बाजूला आयएसओ प्रमाणपत्राची फ्रेम. गुणवत्ता व्यवस्थापनावरचा आपल्याकडचा प्रबंध डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांचं नाव घेतल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही. आता गंमत बघा. त्याच डेमिंग यांचं या पाटीबद्दलचं म्हणणं अगदी साधं होतं: काढून टाका.

त्यांच्या प्रसिद्ध १४ मुद्द्यांपैकी हा दहावा मुद्दा. कामगारांना उद्देशून लावलेल्या घोषणा, पोस्टर आणि शून्य-दोषाची उद्दिष्टं काढून टाका, कारण दोषांची बहुतेक कारणं व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलणं कामगाराच्या हातात नसतं. हे १४ मुद्दे 'आऊट ऑफ द क्रायसिस' या १९८६ साली आलेल्या पुस्तकात आहेत. आपल्या प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे 'संदर्भ साहित्याचा आढावा' नावाच्या त्या लांबलचक प्रकरणात, हे मुद्दे क्रमवार येतात. चौथ्या प्रकरणात प्रश्नावलीची कोष्टकं सुरू होतात तेव्हा डेमिंग कुठे गेलेले असतात कोण जाणे. तर आजचा लेख या पुस्तकावर आहे, आणि आपण त्याचं जे करून ठेवलंय त्यावरही.

डेमिंग यांचा जन्म १९०० सालचा. शिक्षण गणिती भौतिकशास्त्राचं. विद्यार्थी असताना १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळ्यात त्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. हो, तोच हॉथॉर्न, ज्याचे 'प्रयोग' तुम्ही बी.कॉम.ला पाठ केलेत. वॉल्टर शूहार्ट यांच्याकडून त्यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना घेतली. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून जपानमध्ये व्याख्यानं दिली आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. हे पारितोषिक २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं, म्हणजे कांदिवली आणि नागपूरपर्यंत ते पोचलेलं आहे. भारताचा धागा त्याहूनही जुना आहे. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ मध्ये इथे आले होते. तेव्हा 'हे सगळं परदेशी, आपल्याला काय उपयोग' असं म्हणायला फारशी जागा नाही.

पुस्तक वाचायला सोपं नाही, हे आधीच सांगते. रचना विस्कळीत आहे, तीच गोष्ट चार ठिकाणी येते, आणि मधूनच लेखक एखाद्या हॉटेलच्या दारावर किंवा विमान कंपनीवर वैतागलेला सापडतो. पण त्यात लाल मण्यांचा एक प्रयोग आहे. पुस्तकातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढा प्रयोग लक्षात ठेवा.

एका डब्यात पांढरे आणि लाल असे मणी मिसळलेले असतात, त्यात लाल २० टक्के. ५० खळगे असलेली एक लाकडी फळी. कामगाराने ती डब्यात बुडवून बाहेर काढायची, की ५० मणी येतात. गिऱ्हाइकाला पांढरे हवेत, लाल म्हणजे दोष. डेमिंग स्वतः मुकादम व्हायचे. श्रोत्यांतून 'होतकरू कामगार' निवडायचे, तपासनीस नेमायचे, हजेरी मांडायला कारकून बसवायचे. मग सुरुवात. एकाच्या फळीवर ५ लाल आले, त्याला शाबासकी आणि पगारवाढ. दुसऱ्याच्या फळीवर १५, त्याची सगळ्यांसमोर कानउघाडणी. दुसऱ्या दिवशी शाबासकीवाल्याचे १२ येतात. मुकादम म्हणतो, बढती मिळाली आणि डोक्यात हवा गेली. ज्याची कानउघाडणी झाली त्याचे ८ येतात. मुकादम म्हणतो, बघा, बोललं की सुधारतात. शेवटी कारखाना वाचवायला वाईट कामगार काढून टाकले जातात, चांगल्यांना डबल पाळी दिली जाते, आणि तरीही लाल मणी येतच राहतात. येणारच. ते डब्यातच आहेत. (इथले आकडे समजण्यापुरते माझे आहेत. दर खेपेला आकडे वेगळे यायचे, गोष्ट तीच घडायची.)

आता यातलं गणित पाहू, कारण मुद्दा तिथेच आहे. ५० मण्यांत २० टक्के लाल म्हणजे सरासरी १०. प्रमाण विचलन काढायचं तर ५० गुणिले ०.२ गुणिले ०.८ म्हणजे ८, त्याचं वर्गमूळ साधारण २.८३. सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची तिप्पट घेतली की सीमा येतात दीड आणि साडेअठरा. म्हणजे २ पासून १८ पर्यंत लाल मणी कुणाच्याही फळीवर आले तरी त्या माणसाबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नाही. ४ वाला हुशार नाही, १६ वाला आळशी नाही. दोघेही एकाच डब्यात फळी बुडवताहेत. या सीमांच्या आतल्या चढउताराला डेमिंग 'सामान्य कारणं' म्हणतात आणि सीमेबाहेर गेलेल्या आकड्यामागे 'विशेष कारण' शोधा म्हणतात. त्यांचा स्वतःचा अंदाज असा की ९४ टक्के गडबडी व्यवस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या खात्यावर जातात आणि उरलेल्या ६ टक्केच विशेष कारणांच्या. हा ९४ मोजून काढलेला आकडा नाही, अनुभवी माणसाचा अंदाज आहे. आपल्या प्रबंधांत तो एखाद्या सर्वेक्षणाचा निष्कर्ष असल्यासारखा येतो, हेही जाता जाता सांगून ठेवते.

अजून एक बारकावा. सरासरी १० यायला हवी, पण प्रत्यक्षात ती नेमकी १० येत नाही. डेमिंग यांनी वेगवेगळ्या फळ्या वापरल्या आणि प्रत्येक फळीची सरासरी वेगळी आली. डबा तोच, मणी तेच, मोजायचं साधन बदललं की आकडा बदलतो. हे लक्षात असू द्या, प्रश्नावलीच्या वेळी लागेल.

आपल्या भागात हा डबा कसा दिसतो? उदगीर-लातूरच्या डाळमिलचं उदाहरण घेऊ. तूर येते, चाळली जाते, दगड-माती निघते, रोलरवर साल खरवडली जाते, तेलाचा हात दिला जातो, पाणी, ढीग, वाळवण, आणि पुन्हा रोलर. पारंपरिक पद्धतीत शंभर किलो तुरीतून ७० ते ७५ किलो डाळ मिळते, सुधारित यंत्रांवर ८० च्या वर जाता येतं. मधला फरक कुठे जातो? चुनी, खंडा आणि भुसा. आता वाळवण नीट झालं नाही, आभाळ आलं, तूर चार शेतांतली आणि चार वेगवेगळ्या ओलाव्यांची होती, रोलरचा दगड झिजलेला होता, तर खंडा वाढणार. वाळवणावरची बाई कितीही मन लावून फावडं फिरवो, आभाळ काही हटत नाही. पण संध्याकाळी खंडा जास्त निघाला तर मालक पहिल्यांदा कुणाकडे बघतो, ते मी सांगायला नको. डेमिंग यांचा चौथा मुद्दा असा की नुसती किंमत बघून कच्चा माल घेऊ नका. डाळमिलमधली निम्मी गुणवत्ता आडत बाजारात, सौद्याच्या वेळीच ठरून गेलेली असते.

आणि प्रमाण, म्हणजे ज्याला आपण स्टँडर्ड म्हणतो, ते काही दगडावरची रेघ नसते. सोयाबीनच्या सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्यांची ओरड झाली, निवडणूक तोंडावर होती, केंद्राने ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. निर्णय चुकला असं मला म्हणायचं नाही, पावसानं भिजलेला माल होता. सांगायचं एवढंच की ज्याचा आवाज पोचतो त्याच्यासाठी प्रमाण हलतं.

आता प्रबंधांकडे वळू. शीर्षकाचा साचा तुम्हाला ठाऊक आहे: अमुक उद्योगांतील गुणवत्ता व्यवस्थापन व कामगारांची कार्यक्षमता यांचा चिकित्सक अभ्यास, नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भासह. शून्य परिकल्पना: दोहोंत सार्थ संबंध नाही. साधन: पाच बिंदूंची प्रश्नावली, 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत. 'मी माझ्या कामाच्या गुणवत्तेबाबत जागरूक असतो.' 'प्रशिक्षणामुळे माझी कार्यक्षमता वाढली आहे.' काय-स्क्वेअर लावला जातो, शून्य परिकल्पना नाकारली जाते, शिफारशींत प्रशिक्षण वाढवा आणि प्रोत्साहन द्या असं लिहिलं जातं. इति.

यात माझी तक्रार संख्याशास्त्राबद्दल नाही. आकडेमोड बहुतेक वेळा बरोबरच असते. तक्रार अशी की हा सगळा खटाटोप लाल मण्यांच्या प्रयोगातल्या मुकादमाचा आहे. फळी धरणाऱ्यालाच विचारायचं, 'तू जागरूक आहेस का?' त्याने 'पूर्ण सहमत' वर खूण केली की जागरूकता मोजली गेली. डब्यात लाल मणी किती, हा प्रश्न प्रश्नावलीत नाहीच. रोलरचा दगड कधी बदलला, यंत्र महिन्यात किती वेळा बंद पडलं, कच्च्या मालाचा ओलावा रोज किती होता, हे आकडे कामगाराच्या मनात नसतात, कारखान्याच्या वहीत असतात. वही मागायला गेलं की दार बंद होतं, प्रश्नावली मात्र वाटू देतात. म्हणून आपण प्रश्नावली वाटतो. हे कारण संशोधन पद्धतीच्या प्रकरणात कुणी लिहीत नाही, तिथे 'वर्णनात्मक संशोधन आराखडा' असं लिहिलेलं असतं.

शिवाय ती वाटतं कोण? बऱ्याच वेळा एचआरचा माणूस. भरून परत त्याच्याकडेच द्यायची. डेमिंग यांचा आठवा मुद्दा आहे 'भीती घालवा'. ज्याच्या सहीवर पुढच्या महिन्याची हजेरी अवलंबून आहे त्याच्या हातात 'मी वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलू शकतो: पूर्ण असहमत' असा कागद कोण देईल? तुम्ही द्याल? फळी बदलली की सरासरी बदलते, ती ही अशी.

इथपर्यंत डेमिंग आपल्या बाजूचे आहेत आणि दोष आपला आहे. सेवा क्षेत्रातही त्यांचा उपयोग किती, हे बघायला नांदेडचंच एक दुखणं उघडावं लागतं. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात लेकरं. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. ३ ऑक्टोबरला हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी रुग्णालयात येऊन प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर संडास धुवायला लावला. दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

त्या संडासाचं चित्र लाल मण्यांच्या प्रयोगाशेजारी ठेवून बघा. अस्वच्छता खरी होती, त्यावर राग येणंही खरं. पण २४ या आकड्याचं काय करायचं, हे ठरवायला आधी एक आलेख लागतो: त्या रुग्णालयातले गेल्या शे-दोनशे दिवसांचे रोजचे मृत्यू, दाखल रुग्णांच्या संख्येसह. २४ त्या आलेखाच्या सीमेबाहेर असेल तर त्या दिवशी काहीतरी विशेष घडलं, ते शोधा. सीमेच्या आत असेल तर गोष्ट जास्त भयंकर आहे, कारण मग तो 'काळा दिवस' नव्हताच, तो रोजचाच डबा होता. नांदेडच्या त्या रुग्णालयात हिंगोली-परभणीचे, यवतमाळचे, तेलंगणाच्या सीमेवरचे रुग्ण येतात, पुष्कळदा शेवटच्या घटकेला, खाजगी दवाखान्यातले पैसे संपल्यावर. रुग्णालयाकडून बदल्यांमुळे पडलेल्या जागा आणि औषधखरेदीचं रखडणं अशी कारणं पुढे आली, सरकारने औषधांचा तुटवडा नाकारला. यातलं कोणतं कारण किती टक्के, ते झाडू सांगू शकत नाही. अधिष्ठाता बदलून, परिचारिकेला नोटीस देऊन डब्यातले लाल मणी कमी होत नाहीत.

आणि सेवेची गुणवत्ता मोजायचं आपलं लाडकं साधन कोणतं? सर्व्हक्वाल. १९८८ साली तयार झालेली २२ विधानांची प्रश्नावली, पाच बाजू: दृश्य सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि आस्था. अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यातला फरक म्हणजे गुणवत्ता. बँकेसाठी, टेलिफोन दुरुस्तीसाठी ठीक आहे. सरकारी दवाखान्यात मात्र ती भरून घेतात घरी सोडलेल्या रुग्णांकडून. ज्या आईचं लेकरू गेलं ती नमुन्यात येत नाही. आणि जिची अपेक्षाच मुळात 'खाट मिळाली तरी पुष्कळ' एवढी असते, तिच्या बाबतीत अपेक्षा आणि अनुभव यातलं अंतर शून्य निघतं. गुणवत्ता उत्तम!

तर मग डेमिंग नीट वाचले, दुसऱ्या प्रकरणातून उचलून चौथ्यात आणले, की झालं? मलाही बरेच दिवस तसंच वाटावं असं हे पुस्तक आहे. पण ते आपल्या भागातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगाशी, साखरेशी, लावून बघितलं की एका जागी अडतं. माझी खरी टीका इथे आहे.

साखर कारखान्यातली गुणवत्ता म्हणजे उतारा. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. दशांश चिन्हानंतर दोन घरं, इतकं बारीक मोजमाप. उतारा कशाने पडतो? ऊस तोडला की त्यातली साखर उतरायला लागते, म्हणून शक्यतो २४ तासांच्या आत गाळप व्हावं असं शास्त्र सांगतं. वेळ गेला की वजनही घटतं. गव्हाणीपर्यंत ऊस वेळेत पोचणं हे या उद्योगातलं मोठं गुणवत्ता नियंत्रण आहे आणि त्याच्या पहिल्या टोकाला उभा असतो कोयता. कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. हजेरीचं एकक दोन माणसं मिळून एक.

या जोडीला मजुरी मिळते टनावर, आणि टन ठरतो कारखान्याच्या काट्यावर. आता यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागली, मिल बंद पडली, गाडी दीड दिवस उन्हात उभी राहिली, तर ऊस सुकतो. सुकलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून तर जातंच, पण तोडणाऱ्यांच्या मजुरीतूनही जातं. रांग त्यांनी लावलेली नाही. मिल त्यांनी बंद पाडलेली नाही. लाल मण्यांचा प्रयोग यापेक्षा स्वच्छ रूपात मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही, फरक एवढाच की डेमिंग यांच्या व्याख्यानानंतर कामगार चहा प्यायला जायचे.

मग डेमिंग यांच्या हिशोबाने ९४ टक्के जबाबदारी व्यवस्थापनाची. बरं, कोणत्या व्यवस्थापनाची? कारखाना म्हणतो, तोडणी कामगार आमचे नाहीत, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार म्हणतो, मी उचल मुकादमाला दिली. मुकादम म्हणतो, मी वाटून मोकळा झालो, माझेच पैसे अडकलेत. आणि तरीही तोडणीचा दर ठरतो तो मात्र राज्यातल्या कारखान्यांच्या संघात आणि कामगार संघटनांत बसूनच. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली ती याच बैठकीतून. म्हणजे दर ठरवताना कारखाने मालक असतात आणि जबाबदारी घेताना नसतात. डेमिंग यांचं सगळं पुस्तक एका गोष्टीवर उभं आहे: डब्याला एक मालक आहे आणि त्याला पटवलं की तो मणी बदलेल. इथे डब्याचे चार तुकडे करून चार करारांत वाटलेत. पटवायचं कुणाला?

अकरावा मुद्दा कोटा बंद करण्याचा आहे. तोडणीत कोटा उलट्या बाजूने चालतो, त्याचं नाव खाडा. एक दिवस गैरहजर राहिलं की नुसती मजुरी बुडत नाही, वर दंड बसतो. आजारपण, पाळी, बाळंतपण, सगळं खाड्यात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा सरकारने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. बीड आपल्याला लागूनच आहे, आणि तिथल्या टोळ्या सगळीकडच्या कारखान्यांवर जातात. कार्यक्षमतेच्या भाषेत बोलायचं तर यातून गैरहजेरी कमी झाली. हा आकडा कोणत्याही कारखान्याच्या गुणवत्ता आलेखावर येणार नाही, कारण ज्या बाईचा तो आकडा आहे ती कुणाच्याच मस्टरवर नाही.

तुम्ही म्हणाल, हे भारताचं, शेतीचं, मागासपणाचं झालं, जपानमध्ये असं नव्हतं. होतं. सातोशी कामाता नावाचे पत्रकार १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून लागले आणि सहा महिने पट्ट्यावर उभं राहून त्यांनी रोजनिशी लिहिली. ती पुढच्या वर्षी जपानीत पुस्तकरूपाने आली आणि १९८२ मध्ये इंग्रजीत. खेड्यापाड्यांतून मुदतीच्या करारावर आलेली माणसं, पट्ट्याचा वाढत जाणारा वेग, दुखापती, मधेच सोडून जाणारे. डेमिंग पारितोषिक मिळवणाऱ्या कंपनीचाच हा तळमजला. 'आऊट ऑफ द क्रायसिस' मध्ये जपानच्या कारखान्यांबद्दल जे कौतुक आहे त्यात हा तळमजला येत नाही. डेमिंग यांना कायम कामगार दिसतो, त्याचा कामातला अभिमान दिसतो, तो अभिमान हिरावून घेणारा साहेब दिसतो. कामात अभिमान वाटण्याचा हक्क हा बारावा मुद्दा मला फार आवडतो. पण सहा महिन्यांनी ज्याला जायचंच आहे, त्याच्यासाठी पुस्तकात जागा नाही. आपल्या नांदेड-लातूरची जी पोरं आयटीआय करून चाकण-रांजणगावला ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी अशा नावांखाली जातात, तीही त्या पुस्तकाच्या बाहेरच राहतात.

म्हणून पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. लाल मण्यांचा प्रयोग आणि नियंत्रण आलेख, ही दोन हत्यारं मी ठेवून घेणार आहे. सोडायचं आहे ते 'व्यवस्था म्हणजे कंपनी' हे गृहीतक. व्यवस्थेची हद्द कंपनीच्या कुंपणावर संपत नाही. पैसा, माल आणि दंड जिथपर्यंत जातो तिथपर्यंत ती जाते, आणि अभ्यासाचं एककही तेच असायला हवं. नुसता कारखाना नको, फडापासून गव्हाणीपर्यंतची साखळी हवी. कामगाराला त्याच्या जागरूकतेबद्दल विचारण्याऐवजी त्या साखळीत वेळ कुठे कुठे थांबतो ते मोजावं. लातूरकडे आता हार्वेस्टर वाढताहेत. हार्वेस्टरच्या उसाच्या वजनातून पाचटापोटी कपात होते आणि त्यावर शेतकरी भांडतात. हे भांडणही मोजमापाचंच आहे, आणि त्यात निदान एक बाजू बोलते तरी.

माझ्या आराखड्यात सध्या असं आहे: एका हंगामात, ठरवलेल्या गाड्यांसाठी, रोज तीन वेळा टिपायच्या. ऊस तोडायला सुरुवात झाली ती वेळ, गाडी भरून फडातून निघाली ती वेळ, आणि काट्यावर चढली ती वेळ. यातून थांबण्याच्या तासांचा रोजचा आलेख निघेल, सीमांसह. कोणत्या दिवशी विशेष कारण होतं आणि किती दिवस हे नेहमीचंच होतं, ते दिसेल. पहिले तीन रकाने भरायला फडावरचा चिटबॉय, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि काट्यावरचा कारकून मदत करतील असं वाटतं, तिघांचंही त्यात काही जात नाही. अडलंय चौथ्या रकान्यापाशी. रांगेत उभ्या उभ्या जेवढं वजन सुकलं, ते कुणाच्या नावावर मांडायचं? गाइड म्हणतात, रकाना रिकामा ठेव आणि चौघांनाही वेगवेगळं विचार.